दोन-पल्स टेराहर्ट्झ किट : फ्रस्ट्रेटेड चुंबकांसाठी घ्यायचं का, आणि नाशिकमध्ये उभं कसं करायचं

नमुन्यावर टेराहर्ट्झ प्रकाशाच्या (सेकंदाला लाख कोटींच्या आसपास कंपनं) दोन पल्स टाकून त्याचा प्रतिसाद मोजणाऱ्या किटचं हे परीक्षण. आधी निकाल. पल्समागे निदान ४ मिलीजूल देणारा, ८०० नॅनोमीटर आणि १ किलोहर्ट्झचा अॅम्प्लिफायर लेसर आणि ४ केल्विनपर्यंत उतरणारा खिडक्यांचा क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारं पात्र), या दोन्ही गोष्टी हाताशी असतील तर हे किट घ्या. यातली एकच असेल तर थांबा. घेणार असाल तर टेराहर्ट्झ क्षेत्र किती मिळतं हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न असा : पडद्यावर आलेला नॉनलिनियर सिग्नल (दोन पल्सच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपलीकडचा भाग) नमुन्याचा आहे की किटनेच तयार केलेला, हे तपासायची सोय किटमध्ये किती आहे? आमच्या मते खरेदीचा निर्णय यावरच व्हावा, म्हणून परीक्षणाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. लिथियम नायोबेटवर चालणाऱ्या अशा संचांची मांडणी सगळीकडे जवळपास एकच असते, त्यामुळे खालचं बहुतेक कुणाच्याही संचाला लागू पडेल. किमतीचं कोटेशन प्रिझमच्या आकारावर आणि स्टेजच्या लांबीवर फिरतं, तेव्हा तोही आकडा सोडून देतो.

हे उपकरण मुळात लागतं कशासाठी? त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन (अणूंचे इवले चुंबक) ठेवले आणि प्रत्येक जोडीने एकमेकांच्या उलट तोंड करायचं ठरलं, तर दोघांचं जमतं आणि तिसरा अडकतो. हेच फ्रस्ट्रेशन. असे त्रिकोण जाळीभर पसरले की काही पदार्थांत अगदी कमी तापमानालाही स्पिन ठरावीक रचनेत बसत नाहीत. अशा अवस्थेत नेहमीच्या मॅग्नॉनऐवजी (स्पिनच्या लाटेऐवजी) स्पिनॉन (जणू त्या लाटेचे अर्धे तुकडे) अपेक्षित असतात, आणि प्रकाशाचा एक फोटॉन एकटा स्पिनॉन तयार करू शकत नाही, जोडीच तयार करतो. जोडीतली ऊर्जा दोघांत कशीही वाटली जाते. म्हणून साध्या शोषण-वर्णपटात टोकदार रेषा मिळत नाही, पसरट उंचवटा मिळतो.

अडचण अशी की पसरट उंचवटा दुसऱ्या कारणांनीही मिळतो. २०१६ मध्ये YbMgGaO₄ या त्रिकोणी जाळीच्या पदार्थात न्यूट्रॉन कसे विखुरतात हे मोजताना रुंद कंटिन्युअम (असाच पसरट उंचवटा) दिसला आणि स्पिनॉनची चर्चा सुरू झाली. पण त्या स्फटिकात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर अस्ताव्यस्त बसलेले असतात. प्रत्येक इटर्बियमचा शेजार त्यामुळे थोडा वेगळा होतो आणि नुसत्या अव्यवस्थेनेही तसाच उंचवटा तयार होऊ शकतो. हर्बर्टस्मिथाइट या तांबं-जस्ताच्या खनिजातही जस्ताच्या काही जागांवर तांबं जाऊन बसतं आणि कमी ऊर्जेचा सिग्नल गढूळ करतं. मिरवणुकीतलं ढोलपथक दुरून ऐकलं तर एकच गडगडाट येतो. प्रत्येक ढोल आपापल्या पक्क्या लयीत वाजतोय आणि लयी तेवढ्या वेगवेगळ्या आहेत, की प्रत्येक वादकाचीच लय क्षणाक्षणाला ढळतेय, हे त्या गडगडाटावरून सांगता येत नाही. साधा वर्णपट नेमका इथे अडतो.

दोन पल्सचा प्रयोग इथून पुढे नेतो. नमुन्यावर एकामागून एक दोन टेराहर्ट्झ पल्स टाकायच्या, दोघींमधला आणि नंतरचा वेळ बदलत सिग्नल मोजायचा, आणि त्या दोन वेळांवरून दोन वारंवारतांचा द्विमितीय नकाशा काढायचा. युआन वान आणि पीटर आर्मिटेज यांनी २०१९ मध्ये आयसिंग साखळीवर (वर किंवा खाली एवढ्याच दिशा घेणाऱ्या स्पिनच्या रांगेवर) हिशेब मांडून दाखवलं, की पहिल्या पल्सने तयार झालेल्या स्पिनॉन-जोड्या आपापल्या वारंवारतेने फाकतात आणि दुसऱ्या पल्सनंतर पुन्हा एका तालात येतात. हा स्पिनॉन-प्रतिध्वनी. जोड्या खरोखर दीर्घायुषी असतील तर द्विमितीय नकाशावर कर्णाच्या दिशेने लांब आणि आडवी अगदी अरुंद अशी रेघ उमटते, आणि त्या रेघेची आडवी रुंदी जोडीचं आयुष्य सांगते. पुढच्याच वर्षी किताएव्ह स्पिन-द्रवासाठी (पोळ्यासारख्या षटकोनी जाळीतल्या, थंडीतही रचनेत न बसणाऱ्या स्पिनसाठी) असाच सिद्धांत आला. त्याच २०२० मध्ये परमेश्वरन आणि गोपालकृष्णन यांनी अव्यवस्थित चुंबकांचाही हिशेब मांडला, आणि तो खरेदीदाराने नीट वाचावा. विखुरलेले, एकेकटे, स्थानिक स्पिनसुद्धा प्रतिध्वनी देतात. म्हणजे ‘प्रतिध्वनी दिसला, स्पिनॉन सापडले’ असं हे उपकरण कधीच सांगणार नाही. आयुष्य कमी असल्याने आलेली रुंदी आणि अनेक वारंवारता एकत्र आल्याने आलेली रुंदी, एवढंच ते वेगळं करून देतं. पुढचं तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि ध्रुवीकरण बदलून तुम्हालाच काढायचं आहे. माहितीपत्रकात याहून मोठा दावा असेल तर तो विक्रीचा दावा समजा.

आता खोक्यातल्या वस्तू. मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलेल्या लिथियम नायोबेटचे दोन प्रिझम, दोन ग्रेटिंग (मिलिमीटरला १८०० रेषा), हाफ-वेव्ह प्लेट, दंडगोल भिंगं, ऑफ-अॅक्सिस पॅराबोलिक आरसे, दोन चॉपर (पल्स ठरावीक तालात अडवणाऱ्या फिरत्या चकत्या), दोन डिले स्टेज (किरणाची वाट लांब-आखूड करून वेळ बदलणारे), वायर-ग्रिड पोलरायझर, आणि शोधनासाठी (टेराहर्ट्झ क्षेत्र मोजण्यासाठी) झिंक टेल्युराइड व गॅलियम फॉस्फाइडचे स्फटिक, क्वार्टर-वेव्ह प्लेट, वोलास्टन प्रिझम, जोडीचे फोटोडायोड. सिलिकॉनचे वेफर बहुतेक यादीत नसतात. ते वेगळे मागवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यांच्यावरच उभी आहे.

प्रिझम हा संचाचा जीव; लेसरची पल्स यातच टेराहर्ट्झ तयार करते. लिथियम नायोबेटमध्ये ८०० नॅनोमीटर पल्सचा ग्रुप-निर्देशांक (पल्स किती पट मंदावते तो आकडा) साधारण २.२५ आणि टेराहर्ट्झचा ४.९६. दोघांचा वेग जुळत नाही, म्हणून पल्सचा दर्शनी भाग ६३ अंशांनी तिरका करावा लागतो. हेब्लिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेली ही युक्ती, आणि हिरोरी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच मार्गाने सेंटिमीटरला १ मेगाव्होल्टच्या वर क्षेत्र मिळवलं. वर्णपट साधारण ०.१ ते २ टेराहर्ट्झ, म्हणजे ०.४ ते ८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट; बहुतेक फ्रस्ट्रेटेड चुंबकांना हाच पट्टा हवा असतो. डीएएसटी, ओएच-१ यांसारखे सेंद्रिय स्फटिक जास्त क्षेत्र देतात, पण त्यांचा जोर बराच वरच्या वारंवारतांवर असतो आणि त्यांना पंप करायला १.२ ते १.५ मायक्रोमीटरचा वेगळा स्रोत लागतो. या कामासाठी त्यांच्या मागे लागू नका.

जुळणीचा क्रम महत्त्वाचा आहे. ग्रेटिंगला आडवं ध्रुवीकरण द्या, नंतर हाफ-वेव्ह प्लेटने ते उभं करा, कारण प्रिझमचा अक्ष उभा असतो. ग्रेटिंगची प्रतिमा प्रिझमच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्या जवळ, पण आत, पडली पाहिजे. पायरोइलेक्ट्रिक डिटेक्टर लावून आधी प्रिझम पुढे-मागे करा, मग ग्रेटिंगचा कोन, शेवटी लेसरचा कॉम्प्रेसर. सर्वांत आखूड पल्सला टेराहर्ट्झ सर्वाधिक मिळतोच असं नाही. थोडा चर्प (पल्समधले रंग किंचित मागेपुढे) ठेवून वाचन वर जातंय का पाहा. जुळणी बरोबर असेल तर प्रिझममधून बाहेर पडणाऱ्या पंपाचा (आत टाकलेल्या लेसर-पल्सचा) वर्णपट लाल बाजूला स्पष्ट सरकलेला दिसतो. तो जागचा हलला नसेल तर पायरोचं वाचन बहुधा विखुरलेल्या पंपाचं आहे. काळं पॉलिथिन आड धरा, खात्री होईल.

प्रिझम दोन का हवेत हे विक्रेते नीट सांगत नाहीत. स्वस्त संचात एकाच प्रिझमवर दोन्ही पंप थोड्या अंतराने टाकलेले असतात. दोन पल्स वेळेत जवळ आल्या की त्या प्रिझममध्येच एकमेकांना ढवळतात, आणि दोघी मिळून दिलेला टेराहर्ट्झ दोघींच्या स्वतंत्र टेराहर्ट्झच्या बेरजेइतका राहत नाही. हा फरक थेट तुमच्या नॉनलिनियर सिग्नलमध्ये जाऊन बसतो आणि नमुन्याशी त्याचा काही संबंध नसतो. एक-प्रिझम संच या कामाला घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

मोजणी तत्त्वाने सोपी आहे. दोन्ही पल्स असताना मिळालेल्या क्षेत्रातून एकट्या पहिल्याचं आणि एकट्या दुसऱ्याचं क्षेत्र वजा करायचं. जे उरतं ते नॉनलिनियर. एक चॉपर ५०० हर्ट्झवर, दुसरा २५० हर्ट्झवर चालवला की लागोपाठच्या चार लेसर-पल्समध्ये चारही अवस्था मिळतात : दोन्ही, फक्त पहिली, फक्त दुसरी, एकही नाही. शेवटची ‘एकही नाही’ पार्श्वभूमी काढायला लागते, ती गाळू नका. पण ५०० आणि २५० हे दोन्ही आकडे आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या पटीत येतात. अर्थिंगमध्ये लूप राहिला तर विजेची गुणगुण बरोबर त्याच जागी येऊन बसते आणि विजेची वारंवारता जराशी हलत असल्याने ती हळूहळू वर-खाली होत राहते. लेसरचा ट्रिगर किंचित सरकवता येत असेल, समजा ९८० च्या आसपास, तर ही कटकट मुळातच जाते. न जमल्यास डिटेक्टर, डेटा कार्ड आणि स्टेज कंट्रोलर एकाच अर्थ-बिंदूवर बांधा.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार आहे. आम्ही पाहिलेल्या एका संचाचं सॉफ्टवेअर फक्त वजाबाकी झालेला नकाशा साठवतं आणि चार अवस्थांचा कच्चा डेटा टाकून देतं. असं सॉफ्टवेअर असेल तर संच परत करावा इतकी ही मोठी उणीव आहे. कच्चा डेटा नसेल तर खाली दिलेल्या तपासण्या नंतर करताच येत नाहीत.

आता खोटा सिग्नल. पहिला आणि सर्वांत जास्त फसवणारा गुन्हेगार म्हणजे शोधनाचा स्फटिक. टेराहर्ट्झ क्षेत्र त्यात शिरलं की प्रोब-किरणाचं (क्षेत्र वाचणाऱ्या लेसर-किरणाचं) ध्रुवीकरण क्षेत्राच्या प्रमाणात फिरतं, असं आपण धरून चालतो. ते लहान कोनापुरतंच खरं. स्फटिकाच्या आत सेंटिमीटरला १०० किलोव्होल्ट असतील तर १ मिलिमीटर झिंक टेल्युराइडमध्ये फेजचा फरक ७ रेडियनच्या वर जातो, म्हणजे एक पूर्ण फेरी मारून पुढे. तिथे वाचनाला काही अर्थच उरत नाही. ०.३ मिलिमीटर गॅलियम फॉस्फाइडमध्ये तोच फरक सुमारे ०.६५ रेडियन येतो. हा सुरक्षित वाटतो, पण ०.६५ ची ज्या ०.६५ पेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. दोन्ही पल्स एकत्र आल्या की ही तूट वाढते, आणि वजाबाकीत एक देखणा, पूर्ण खोटा नॉनलिनियर सिग्नल उरतो. नमुन्याचा खरा सिग्नल याच्या कितीतरी खाली असू शकतो.

इथे वेफर कामाला येतात. जास्त रोधाच्या शुद्ध सिलिकॉनचा एक वेफर टेराहर्ट्झ क्षेत्राचा ०.७ भाग पुढे जाऊ देतो, दोन वेफर ०.४९. दोन वेफर आधी नमुन्याच्या नंतर, शोधनाच्या आधी ठेवा. नमुन्यावरचं क्षेत्र होतं तेवढंच राहिलं, फक्त डिटेक्टरला कमी मिळालं. सिग्नल नमुन्याचा असेल तर तो बरोबर ०.४९ पट होईल. आता तेच दोन वेफर नमुन्याच्या आधी ठेवा. तिसऱ्या घाताचा (क्षेत्राच्या घनाच्या प्रमाणात वाढणारा) खरा सिग्नल ०.४९ च्या घनाइतका, म्हणजे सुमारे ०.१२ पट व्हायला हवा. दुसऱ्या घाताचा ०.२४. वेफर नंतर ठेवूनही सिग्नल ०.१२ पट झाला, तर दोषी डिटेक्टर आहे आणि तोवर जमवलेले सगळे नकाशे रद्द. ही तपासणी पहिल्या दिवशी, नमुना बदलला की, आणि लेसरची जुळणी बदलली की करायची. वेफर होल्डरमध्ये सरकवून बाहेर काढता यावेत म्हणून दोन्ही ठिकाणी खाचा असलेले संच आम्हाला सर्वांत आवडले. अशी साधी सोय महागड्या स्टेजपेक्षा जास्त उपयोगी पडते.

वेफरचीही एक खोड आहे. ८०० नॅनोमीटरचा भटका प्रकाश सिलिकॉनवर पडला तर त्यात मुक्त इलेक्ट्रॉन तयार होतात आणि वेफर टेराहर्ट्झ गिळू लागतो. हा भटका प्रकाश चॉपरमधूनच आलेला असल्याने नेमका चॉपरच्या तालात येतो, आणि पुन्हा खोटा सिग्नल. दोन पल्स एकत्र आणायला सिलिकॉनचा बीम-स्प्लिटर वापरला असेल तर धोका सर्वांत जास्त. प्रत्येक प्रिझमच्या तोंडाशी काळं पॉलिथिन किंवा जाड टेफ्लॉन लावाच.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात. नमुना काढून रिकामा होल्डर ठेवा, नकाशा कोरा यायला हवा. दोन्ही पल्सची दिशा उलटी करा. दुसऱ्या घाताचा सिग्नल चिन्ह बदलत नाही, तिसऱ्याचा बदलतो. पल्स एकमेकींवर चढलेल्या असतात तो सुरुवातीचा साधारण २ पिकोसेकंदांचा भाग विश्लेषणातून काढून टाका. आणि दोन पल्समधला शून्य-क्षण नीट शोधा : ०.०५ पिकोसेकंदाची चूक १ टेराहर्ट्झला १८ अंशांची फेज-चूक होते आणि सरळ शिखरं पिळवटून जातात.

सगळ्यात आधी नमुना म्हणून YFeO₃ लावा. तो फ्रस्ट्रेटेड नाही, म्हणूनच लावायचा. खोलीच्या तापमानालाच त्याचे दोन मॅग्नॉन साधारण ०.३ आणि ०.५३ टेराहर्ट्झला स्वच्छ दिसतात, आणि २०१७ मध्ये द्विमितीय टेराहर्ट्झ चुंबकीय अनुनाद याच पदार्थात दाखवला गेला. एका मॅग्नॉनची वारंवारता f धरली तर नकाशावर शिखरं कुठे हवीत हे आधीच ठरलेलं असतं (कंसातली पहिली वारंवारता दोन पल्समधल्या वेळेची, दुसरी त्यानंतरच्या वेळेची) : (f, f) ला साधं, (−f, f) ला प्रतिध्वनीचं, (०, f) ला पंप-प्रोबचं, (२f, f) ला दोन-क्वांटमचं. ही शिखरं जागेवर आली नाहीत तर क्रायोस्टॅटला हात लावू नका.

अपेक्षा कितीची ठेवायची? सेंटिमीटरला १ मेगाव्होल्ट म्हणजे चुंबकीय बाजूने फक्त ०.३३ टेस्ला. एवढं क्षेत्र १ पिकोसेकंद टिकलं तर स्पिन जेमतेम ३ अंश वळतो. ३०० किलोव्होल्टला १ अंश. तिसऱ्या घाताचा सिग्नल या छोट्या आकड्याच्या घनावर चालतो, म्हणून सरासरीला वेळ लागतो. ३० पिकोसेकंदांची खिडकी ०.१ पिकोसेकंदाच्या पावलाने दोन्ही दिशांना मोजायची म्हणजे ९०,००० बिंदू; बिंदूला १ सेकंद दिला, म्हणजे चार अवस्थांचे २५० संच मिळाले, तरी २५ तास. पाऊल ०.२ केलं तर बिंदू २२,५०० होतात आणि वेळ सव्वासहा तास, २.५ टेराहर्ट्झपर्यंतचा भाग तरीही नीट मिळतो. लिथियम नायोबेटसाठी ०.२ पुरेसं आहे. ३० पिकोसेकंदांच्या खिडकीतून ३३ गिगाहर्ट्झचा भेद करता येतो; रेघ त्याहून अरुंद असेल तर आयुष्य तुमच्या खिडकीचं मोजलं जाईल, जोडीचं नाही. आणि पावलं क्रमाने घेऊ नका, उलटसुलट क्रमाने घ्या. लेसर सरकला तर त्याचा गोंगाट होईल, खोटं शिखर होणार नाही.

नाशिकमध्ये उभारणी करताना तीन गोष्टी आडव्या येतात : पावसाळा, तापमान आणि वीज.

पाण्याची वाफ ०.५५७, ०.७५२, ०.९८८ टेराहर्ट्झला आणि १.१ च्या आसपास जोरात शोषते, म्हणजे नेमका आपला पट्टा. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा उघडी ठेवून काम होणार नाही. शोषण रेषीय आहे, वजाबाकीत जाईल, हा युक्तिवाद पुरा पडत नाही : क्षेत्र कमी होतं आणि घनामुळे सिग्नल त्याहून जास्त पडतो. शिवाय तीव्र टेराहर्ट्झमध्ये वायूचे फिरणारे रेणू स्वतःच प्रतिध्वनी देतात. असिटोनायट्राइलच्या वाफेत तो २०१६ मध्ये मोजला गेला आहे. दीड मीटर × ८० सेंटिमीटर × ३० सेंटिमीटरचा पर्ज बॉक्स (कोरड्या वायूने भरायची पेटी) म्हणजे ३६० लिटर. मिनिटाला १० लिटर नायट्रोजन सोडला तर हवा पाच वेळा बदलायला तीन तास. नेहमीच्या ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये १२ तासांहून कमी पुरवठा, त्यातले तीन भरण्यातच गेले. २५ तासांच्या मोजणीला सिलिंडर बदलत बसणं चुकीचं आहे.

नायट्रोजनचे पर्याय दोन. इथल्या वाइनरी टाक्यांवर नायट्रोजनचं पांघरूण ठेवतात, त्यामुळे नायट्रोजन जनरेटर आणि त्याची देखभाल करणारे लोक जिल्ह्यात मिळतात. किंवा द्रव नायट्रोजन : १ लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, ५० लिटरची टाकी दोन दिवसांहून जास्त पुरते. तो औद्योगिक वायूच्या डीलरकडे मिळतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठीही द्रव नायट्रोजन लागत असल्याने ग्रामीण भागातही त्याची हाताळणी माहीत असलेले लोक भेटतात. बंद खोलीत वापरणार असाल तर ऑक्सिजन अलार्म लावल्याशिवाय वाल्व्ह उघडू नका. नायट्रोजनने गुदमरताना माणसाला कळत नाही. आमची पसंती मात्र तेलरहित कॉम्प्रेसर आणि −४० अंश दवबिंदूचा डेसिकंट ड्रायर यांना. आर्द्रता १ टक्क्याच्या खाली येते, श्वासाचा धोका नाही, वीज आहे तोवर हवा आहे.

तापमानाचा हिशेब असा : १ मीटर अॅल्युमिनियम १ अंशाला २३ मायक्रोमीटर वाढतं, म्हणजे ०.०७७ पिकोसेकंद. दोन भुजांपैकी (दोन पल्सच्या वाटांपैकी) एकीचीच लांबी बदलली तर शून्य-क्षण सरकला. हिवाळ्यात नाशिकला रात्र आणि दुपार यांत मोठा फरक असतो, आणि रात्री एसी बंद करायची सवय मोजणीच्या मुळावर येते. दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या, एकाच प्लेटवर ठेवा आणि एसी चोवीस तास एकाच आकड्यावर. विजेसाठी स्टेज, डेटा कार्ड आणि तापमान-नियंत्रक यूपीएसवर हवेत. क्रायोस्टॅटचा थ्री-फेज कॉम्प्रेसर यूपीएसवर सहसा नसतो; क्षणभर वीज गेली की तो ट्रिप होतो, नमुना तापतो आणि मोजणी तशीच पुढे चालू राहते. प्रत्येक ओळीबरोबर तापमान नोंदवणारं आणि मर्यादा ओलांडली की थांबणारं सॉफ्टवेअर मागा.

जुळवाजुळवीची कामं मात्र इथे छान होतात. संचाची बेसप्लेट इंचाच्या छिद्रांची आली आणि तुमचं ऑप्टिकल टेबल २५ मिलिमीटर अंतराचं असेल, तर दर इंचाला ०.४ मिलिमीटर फरक पडतो आणि दहाव्या छिद्राला ४ मिलिमीटर चुकतो. अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंगच्या) वर्कशॉपमधून १२ मिलिमीटरची अॅल्युमिनियम प्लेट M6 टॅपिंग करून, काळं अॅनोडायझिंग करून घ्या. ड्रॉइंगवर ‘फ्लॅटनेस’चा आकडा लिहा, नाहीतर प्लेट किंचित वाकलेली येते आणि आरसे तिरके बसतात. नमुन्याच्या होल्डरसाठी पितळ देऊ नका, कमी तापमानाला ते उष्णता नीट वाहून नेत नाही. इथल्या स्विचगिअर कारखान्यांमुळे बसबारचं तांबं सहज मिळतं; छोट्या होल्डरला ४ केल्विनला ते पुरतं. छिद्र नमुन्यापेक्षा लहान, पण २ मिलिमीटरहून मोठं ठेवा. ०.५ टेराहर्ट्झची तरंगलांबीच ०.६ मिलिमीटर आहे. छोट्या छिद्रातून खालच्या वारंवारता जातच नाहीत.

नमुन्यांबद्दल. ऊर्जेच्या हिशेबाने १ टेराहर्ट्झ म्हणजे ४८ केल्विन, तेव्हा द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला स्पिनॉन शोधणं व्यर्थ. CoNb₂O₆ पहिल्या गंभीर प्रयोगाला उत्तम : आयसिंग साखळ्या, आणि साखळ्यांमधली मांडणी त्रिकोणी. तो साधारण २.९ केल्विनला क्रमबद्ध होतो (त्याचे स्पिन ठरावीक रचनेत बसतात), म्हणजे ४ केल्विनच्या क्रायोस्टॅटवर त्याच्या वरची अवस्था मिळते. किताएव्हसाठी सगळे α-RuCl₃ मागतात. हा थरांचा, नाजूक स्फटिक आहे. स्वच्छ नमुना ७ केल्विनच्या आसपास क्रमबद्ध होतो; थर वाकले किंवा घसरले की १४ केल्विनजवळ आणखी एक बदल दिसू लागतो. चारही कोपरे वार्निशने चिकटवले तर थंड होताना तांबं आणि स्फटिक वेगवेगळे आक्रसतात आणि नमुना तुमच्या होल्डरवरच बिघडतो. एकाच कडेला क्रायोजेनिक ग्रीसचा पातळ थर द्या, १५० केल्विनच्या आसपास रचना बदलते तिथे सावकाश उतरा, आणि टेराहर्ट्झ मोजणीआधी चुंबकीय ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो) मोजून १४ केल्विनचा टप्पा नाही याची खात्री करा. चिमट्याने मधोमध पकडू नका, कडेला पकडा.

विक्रीनंतरची सेवा सगळ्यांचीच मध्यम. अभियंता येतो, पायरोवर वाचन दाखवतो, सही घेतो आणि जातो. ती सही देऊ नका. खरेदी आदेशातच स्वीकृतीच्या अटी लिहा : रिकाम्या होल्डरवर कोरा नकाशा, YFeO₃ वर वर दिलेल्या जागी शिखरं, वेफर नमुन्यानंतर ठेवल्यास सिग्नल ०.४९ पट आणि आधी ठेवल्यास सुमारे ०.१२ पट, चारही अवस्थांचा कच्चा डेटा उघड्या फॉरमॅटमध्ये, आणि सुटे भाग म्हणून एक जादा ग्रेटिंग, कारण लेसरचा ठिपका जरा लहान झाला तरी ग्रेटिंगचा लेप जळतो आणि नवीन यायला वेळ लागतो.